सनद आणि वहिवाट

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, अटलांटिक महासागराच्या काठी, खाऱ्या खाड्यांनी आणि दलदलीतल्या उंच गवताने वेढलेली हॅरिस नेक नावाची एक वस्ती होती. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लोरेन्झो डाऊ टर्नर हे कृष्णवर्णीय भाषापंडित ध्वनिमुद्रणाचे अवजड यंत्र बरोबर घेऊन त्या किनाऱ्यावरच्या, आफ्रिकी गुलामांचे वंशज असलेल्या गुल्ला लोकांची बोली टिपत हिंडत होते, तेव्हा या वस्तीतल्या अमेलिया डॉली नावाच्या बाईने त्यांना पाच ओळींचे एक गाणे म्हणून दाखवले. त्या शब्दांचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. आई म्हणत असे म्हणून ती म्हणे, आणि आपल्या मुलीलाही तिने ते तसेच शिकवले होते. पुढे सिएरा लिओनहून शिकण्यासाठी आलेल्या एका विद्यार्थ्याने ते मुद्रण ऐकले आणि ही आपल्या देशातली मेंडे भाषा आहे असे सांगितले. १९९० मध्ये काही संशोधक तेच मुद्रण घेऊन सिएरा लिओनच्या खेड्यांतून फिरले, आणि सेनेहुन न्गोला नावाच्या एका आडवळणाच्या गावी बाइंडू जाबाटी या बाईला जवळजवळ तेच गाणे पाठ असल्याचे त्यांना आढळले. ते मृताच्या थडग्यापाशी म्हणावयाचे गाणे होते. मेंडे समाजात जन्माचे आणि मृत्यूचे संस्कार बायकांकडे असतात. त्यामुळे महासागराच्या दोन्ही तीरांवर ते आईकडून मुलीकडे, मुलीकडून नातीकडे असेच उतरत आले होते. बाइंडूच्या आजीने तिला बजावून ठेवले होते की हे गाणे सोडू नकोस, हरवलेले आपले नातलग कधी भेटले तर याच गाण्यावरून ओळख पटेल.

सुमारे दोन शतकांच्या ताटातुटीनंतर दोन घराण्यांची ओळख पाच ओळींनी पटावी, हे ऐकून कोणाचेही मन भरून येईल. तथापि या घटनेत हृदयंगम कथेपेक्षा अधिक काही आहे. वारसा म्हणजे नेमके काय, तो कोणाच्या हाती असतो आणि कशाने शाबीत होतो, हा फार जुना कज्जा तिने नव्याने उभा केला आहे, आणि त्याचा निकाल कोणत्या बाजूला झुकतो हेही तिने दाखवून दिले आहे.

आपल्या मुलखात जमिनीवरचा हक्क शाबीत करण्याचे दोन मार्ग परंपरेने चालत आलेले आहेत. पहिला सनदेचा: राजाने किंवा सरकारने शिक्कामोर्तब करून दिलेला कागद दफ्तरात असला की वाद मिटला. दुसरा वहिवाटीचा: कागद नसला तरी या बांधावरून अमक्याची गाडी पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहे, या विहिरीवर त्याच्या आजाची मोट चालत होती, असे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी साक्षीने सांगितले की हक्क मानावा लागे. सनद एकदा मिळाली की पेटीत पडून राहिली तरी चालते. वहिवाटीला मात्र एक कडक अट आहे. ती अखंड चालू राहिली पाहिजे. ज्या वाटेवरून कोणी जात नाही तिच्यावर गवत उगवते आणि गवताबरोबर हक्कही बुजतो. आफ्रिकेतून बळाने नेलेल्या आणि कॅरिबियन बेटांवर व अमेरिकेच्या किनाऱ्यांवर विखुरलेल्या लोकांचा सांस्कृतिक वारसा हा समग्र अर्थाने वहिवाटीचा वारसा आहे. कथाकथन, गाणे, नाच, सोंग आणि मिरवणूक ही त्याची वहिवाट होय. या गोष्टींना वारशाची सजावट किंवा मुख्य इतिहासाच्या ग्रंथाला जोडलेली रंगीत चित्रे मानणाऱ्यांना त्या इतिहासाचा गाभाच हाती लागलेला नाही, असे माझे मत आहे, आणि तेच या लेखात मांडावयाचे आहे.

या लोकांच्या बाबतीत कागद मुळीच नव्हता असे नाही. कागद उदंड होता. तो मालकाचा होता. अटलांटिकपारचा गुलामांचा व्यापार साडेतीन शतकांहून अधिक काळ चालला. अभ्यासकांच्या हिशेबाप्रमाणे सुमारे १ कोटी २५ लाख माणसे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजांत भरली गेली आणि त्यांतली १ कोटी ७ लाखांच्या आसपास पलीकडे जिवंत उतरली. हा हिशेब मांडता येतो तो जहाजांच्या रोजनिशा, विम्याचे करार आणि बंदरांतील जकातीच्या नोंदी जपून ठेवल्या गेल्या म्हणूनच. त्रिनिदाद बेटावर १८१३ साली सरकारी हुकुमाने गुलामांची नोंदवही तयार झाली; तीत नावे आहेत, पण ती बहुधा मालकांनी ठेवलेली. अमेरिकेच्या १८५० आणि १८६० च्या खानेसुमारीत गुलामांसाठी वेगळी यादी केली गेली. तीत मालकाचे नाव लिहून त्याखाली गुलामांचे वय, लिंग आणि वर्ण एवढेच मांडण्याचा शिरस्ता होता, खुद्द त्या माणसांची नावे लिहिण्याची गरज सरकारला वाटली नाही. ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ साली गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला तेव्हा २ कोटी पौंड नुकसानभरपाई मंजूर झाली आणि ती मालकांना मिळाली. मुक्त झालेल्यांच्या हातावर एक पैही पडली नाही, उलट उमेदवारीच्या नावाखाली १ ऑगस्ट १८३८ पर्यंत त्यांना त्याच मळ्यांवर राबावे लागले. ज्या दफ्तरात माणसाची नोंद मालमत्ता म्हणून झाली, त्या दफ्तराकडे त्याच्या आजीचे नाव, तिची भाषा, तिचे दैवत विचारायला जाणे व्यर्थ आहे. ते सांगण्याचा अधिकार ज्या एका साधनाकडे उरला होता ते साधन म्हणजे माणसाचा देह आणि त्याची जीभ.

आता या वहिवाटीचा एक नमुना जवळून पाहू. पश्चिम आफ्रिकेत, आजच्या घानामध्ये, अकान लोकांत अनान्सी नावाचा एक कोळी आहे; तो कधी कोळी असतो, कधी माणूस. जगातल्या सगळ्या गोष्टी पूर्वी न्यामे या आकाशदेवाच्या मालकीच्या होत्या, आणि अनान्सी त्या विकत घ्यायला गेला. देवाने किंमत सांगितली: ओनिनी हा अजगर, गांधीलमाश्यांचे मोहोळ, ओसेबो हा बिबळ्या आणि एक वनपरी. राजेमहाराजे ही किंमत देऊ न शकता परत फिरले होते. अनान्सीने ती दिली, आणि ती देण्याच्या युक्त्या त्याला त्याच्या बायकोने, आसोने, सांगितल्या. ताडाच्या फांदीशी लांबी मोजून पाहू या म्हणत त्याने अजगराला फांदीलाच जखडले. डोक्यावर केळीचे पान धरून आणि मोहोळावर पाणी शिंपडून पाऊस आल्याचा भास निर्माण केला, आणि गांधीलमाश्यांना भोपळ्याच्या आडोशाला बोलावून तोंड बंद केले. वनपरीसाठी चिकाने माखलेली बाहुली मांडली. तेव्हापासून गोष्टींचे नाव कोळ्याच्या गोष्टी असे पडले. या कथा दिवसा सांगत नाहीत, रात्री सांगतात. आणि आपण सांगणार आहोत ते खरे आहे असा आमचा दावा नाही, अशा आशयाचे वचन सांगणारा आरंभीच उच्चारतो, असे मानववंशशास्त्रज्ञ रॅट्रे यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अशांती कथासंग्रहात नोंदवले आहे.

हा कोळी जहाजाच्या तळघरातून जमैकात आला, सुरीनाममध्ये आला, कुरासाओमध्ये आला. मळ्यावरचे काम संपल्यानंतरच्या अंधारात तो सांगितला जाई, आणि माणूस गेल्यावर जागवल्या जाणाऱ्या रात्रींतही सांगितला जाई. पूर्व कॅरिबियनमधल्या बेटांवर आणि हैतीत कथेकरी आरंभी ‘क्रिक?’ असा सवाल टाकतो आणि बसलेल्यांनी ‘क्रॅक!’ असा जबाब द्यावा लागतो. जबाब मिळाला नाही तर गोष्ट पुढे सरकत नाही. मध्येच ऐकणारे पेंगू लागले असे वाटले की पुन्हा सवाल येतो आणि पुन्हा साऱ्या अंगणाला एका आवाजात उत्तर द्यावे लागते. आपल्याकडच्या कहाणीला जसे आटपाट नगर लागते आणि हुंकार देणारा लागतो तसाच हा संकेत आहे. फरक इतकाच की तिथे हुंकार देणे ही हजेरी होती. दिवसभर मुकादमाच्या हजेरीपटावर जे आकडे होते ते रात्री एकमेकांच्या सवालाला माणूस म्हणून जबाब देत होते. कथेचा मजकूर काय होता हा प्रश्न त्यानंतरचा. जमणे, विचारले जाणे आणि उत्तर देणे या क्रियेतच एक समाज रोज रात्री पुन्हा उभा राहत होता.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की मौखिक परंपरा विश्वसनीय नसते. पिढीगणिक ती बदलते, आणि जे बदलते ते पुरावा म्हणून कसे चालावे? आक्षेप वरवर बिनतोड दिसतो, म्हणून त्याचे उत्तर त्याच कोळ्याकडून घेऊ. जमैकात आलेल्या कथांत आकाशदेव न्यामे मागे पडत गेला आणि त्याच्या जागी वाघ आला. तिथल्या एका प्रसिद्ध कथेत सगळ्या गोष्टी मुळात वाघाच्या नावाच्या असतात आणि अनान्सी त्या आपल्या नावावर करून घेतो. जमैकाच्या रानात वाघ नाही, कधी नव्हता. मग देव जाऊन वाघ का आला? ज्या लोकांवर आता देवाची नव्हे तर चाबूक धरणाऱ्या मळेवाल्याची सत्ता होती, त्यांनी गोष्टींचा मूळ मालक बदलला, असाच अर्थ मला त्यात दिसतो. देवाशी केलेला सौदा संपला आणि बलवानाशी चाललेला झगडा सुरू झाला. हा बदल स्मृतीतला दोष म्हणून बाजूला टाकणारा इतिहासकार हातात आलेला उत्तम दाखला फेकून देत असतो. कारण बदललेली कथा दोन काळांची साक्ष एकाच वेळी देते, जुन्या घराची आणि नव्या जाचाची. शिवाय कथेकऱ्याने सत्यतेचा दावा कधी केलेलाच नाही. अशांती कथेकरी आरंभी जे सांगतो तेच जमैकातला कथेकरी शेवटी, स्वर्गाचा द्वारपाल मानल्या गेलेल्या जॅक मॅन्डोराला उद्देशून, सांगतो: कथेतल्या बऱ्यावाईटाचा जिम्मा माझ्यावर नाही. दोन टोकांना असलेली ही एकाच वृत्तीची खूण स्वतःच किती भक्कम पुरावा आहे! मजकूर बदलला, पण सांगणाऱ्याची मर्यादा ओळखण्याची रीत महासागर ओलांडून टिकली.

कथा अंधारात सांगता येते. नाच आणि ढोल यांना उघड्यावर यावे लागते, आणि म्हणून सत्तेशी त्यांचा सामना अटळ ठरतो. दक्षिण कॅरोलिनात १७३९ मध्ये स्टोनो नदीकाठी गुलामांनी ढोल वाजवीत बंड केले, तेव्हा दुसऱ्याच वर्षीच्या कायद्याने त्यांना ढोल बाळगण्यास मनाई झाली. मळेवाले ढोलाला निव्वळ करमणूक समजत असते तर त्यांनी त्यासाठी कायद्याचे कलम खर्ची घातले नसते. वाद्यात वारसा असतो हे विद्वानांच्या आधी बंदी घालणाऱ्यांनी ओळखले होते.

त्रिनिदादमधील कॅनबुलेचा वृत्तांत या दृष्टीने मुद्दाम पाहण्यासारखा आहे. उसाच्या मळ्याला रात्री आग लागली की शिंगे फुंकून, चाबूक फोडून आसपासच्या मळ्यांवरच्या गुलामांना मशालींच्या उजेडात तिकडे पिटाळले जाई. ‘जळता ऊस’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून या प्रकाराला कॅनबुले हे नाव पडले. फ्रेंच मळेवाले आपल्या कार्निव्हलच्या मेजवान्यांत शेतावरच्या गुलामाचे सोंग घेऊन हाच प्रसंग गंमत म्हणून वठवीत. मुक्ती मिळाल्यावर या सोंगाचे सोंग उलट बाजूने सुरू झाले. काल ज्यांना पिटाळले जात होते तेच आज हाती मशाल घेऊन, साखळ्या खुळखुळवीत, लाठीचे डाव खेळत स्वेच्छेने रस्त्यावर आले. ज्या प्रसंगात आपण वस्तू होतो तोच प्रसंग आपण कर्ते होऊन पुन्हा करून दाखवायचा, आणि तोही मालकाच्या खिडकीखाली, यापेक्षा अधिक अर्थपूर्ण नाट्य कोणत्या नाटककाराने कल्पिले आहे हे मला ठाऊक नाही. १८८१ मध्ये पोलीसप्रमुख कॅप्टन बेकर यांनी ही मिरवणूक मोडण्याचा प्रयत्न केला तेव्हा पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यांत हातघाईची मारामारी झाली. १८८४ च्या कायद्याने मशाली, ढोल आणि लाठ्यांचे जमाव यांवर बंदी आली.

ढोल गेला तेव्हा लोकांनी निरनिराळ्या लांबीचे बांबू कापले आणि ते जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे बांबूच्या जागी बिस्किटांचे आणि रंगांचे रिकामे डबे आले. मग कोणी डब्याच्या तळाला पडलेल्या पोचांतून वेगवेगळे स्वर निघतात हे हेरले. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे तेलाच्या रिकाम्या पिंपाचा तळ ठोकून, तापवून, त्यावर अख्खे सप्तक बसवले गेले. विन्स्टन सायमन आणि एली मॅनेट यांच्यासारख्या गरीब वस्तीतल्या पोरांनी घडवलेले हे स्टीलपॅन १९५१ मध्ये लंडनच्या ब्रिटन महोत्सवात वाजले आणि १९९२ मध्ये त्रिनिदाद व टोबॅगो या देशाचे राष्ट्रीय वाद्य ठरले. कातडे काढून घेतले तर लाकूड, लाकूड पुरेना तर लोखंड. वस्तू प्रत्येक वेळी नवी, वहिवाट मात्र तीच. पिंपात आफ्रिका शोधू पाहणाऱ्याला ती धातूत सापडणार नाही. ठोकणाऱ्या हाताच्या हट्टात सापडेल.

दुसरा आक्षेप शुद्धतेचा आहे. फ्रेंचांचा कार्निव्हल, इंग्रजांची भाषा, अमेरिकी तेलाची पिंपे. यांत मूळचे आफ्रिकी असे उरले तरी किती? या प्रश्नाला सर्वांत समंजस उत्तर सेंट लुशियाचे कवी आणि नाटककार डेरेक वॉलकॉट यांनी दिले आहे. १९९२ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना त्यांनी आपल्या व्याख्यानाचा आरंभ केला तो त्रिनिदादमधील फेलिसिटी या गावच्या रामलीलेपासून. १८४५ पासून करारावर नेलेल्या हिंदी मजुरांचे वंशज तिथल्या मैदानात बांबूचा रावण उभारून रामकथा खेळत होते, आणि आपण तिच्याकडे प्रथम नाटक म्हणून पाहिले, खेळणाऱ्यांची मात्र ती श्रद्धा होती, ही चूक त्यांनी मोठ्या मनाने कबूल केली. त्याच व्याख्यानात त्यांनी फुटलेल्या पात्राचा दृष्टांत दिला: अखंड असताना त्याला गृहीत धरणाऱ्या प्रेमापेक्षा त्याचे तुकडे जुळवणारे प्रेम अधिक बळकट असते, असा त्याचा आशय. सांधा लपवण्याची गरज नाही. सांधाच त्या प्रेमाचा दाखला असतो. वॉलकॉट यांच्या १९५८ च्या ‘टी-जीन अँड हिज ब्रदर्स’ या नाटकात बेटावरची लोककथा रंगभूमीवर येते. तीत सैतानच मळेवाल्याचा मुखवटा घालून येतो, आणि बळ वापरणारा थोरला व पुस्तकी तर्क वापरणारा मधला हे दोघे भाऊ हरल्यावर धाकटा त्या सैतानाला संताप आणून जिंकतो. अनान्सीचा हा दूरचा भाऊबंद आहे हे ओळखायला वंशावळीची गरज नाही.

आणि त्रिनिदादमध्येच एक गोष्ट अशी घडली की शुद्धतेचा सारा वादच तिच्यापुढे लहान होतो. कॅनबुलेवर बंदी घालणाऱ्या सरकारने त्याच १८८४ साली हिंदी मजुरांच्या मोहरमच्या मिरवणुकीलाही, जिला तिथे होसे म्हणतात, शहरात येण्यास मनाई केली. ३० ऑक्टोबर रोजी सॅन फर्नांडोच्या वेशीवर ताजिये घेऊन आलेल्या जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि डझनाहून अधिक माणसे मेली. ढोल कोणाचा, आफ्रिकेचा की हिंदुस्थानचा, हे त्या बंदुकांनी पाहिले नाही. राबणाऱ्या माणसाने रस्त्यावर येऊन आपले स्मरण जाहीर करणे हाच मुळी गुन्हा होता.

वहिवाट जिभेवरूनही चालते. किंग्स्टनमध्ये १९१९ साली जन्मलेल्या लुईझ बेनेट तरुणपणी एकदा नटूनथटून ट्राममध्ये चढल्या. मागच्या बाकांवर बाजाराला निघालेल्या बायका बसल्या होत्या. ही पोशाखी मुलगी आपल्यात बसायला येते आहे असे पाहताच त्यांतली एक आपल्या लोकांच्या बोलीत म्हणाली की पसरून बसा ग, जागा राहू देऊ नका. त्या बोलण्यातला ठसका बेनेट यांच्या कानात असा बसला की बोलीतली त्यांची पहिली कविता त्यातूनच जन्मली. ज्या बोलीला शाळेत मोडके इंग्रजी म्हणून छडी मिळत होती तिच्यात त्यांनी वर्तमानपत्रांतून कविता लिहिल्या. १९४५ मध्ये लंडनच्या नाट्यविद्यालयात शिकायला गेल्या, तरी परतल्यावरही ती सोडली नाही. नाताळच्या पँटोमाइमच्या रंगमंचावर अनान्सीला मानाने उभे केले. आणि १९७० पासून बारा वर्षे दर शनिवारी दूरचित्रवाणीवर मुलांना भोवती जमवून तीच गाणी, त्याच गोष्टी त्यांच्याकडून करवून घेतल्या. कवींच्या मंडळांत त्यांना बराच काळ निमंत्रण नव्हते. आज सारे जमैका त्यांना मिस लू या नावाने ओळखते. बार्बाडोसचे कवी कामाउ ब्रॅथवेट, ज्यांनी स्वतः घानात काही वर्षे काढली होती, त्यांनी अशा भाषेला ‘राष्ट्रभाषा’ म्हटले. कारण तिच्या उच्चारात, ठेक्यात आणि श्वासात आफ्रिका आहे, ती छापील शब्दापेक्षा ध्वनीत राहते, आणि ऐकणारे समोर असल्याशिवाय ती पुरी होत नाही.

याच निष्ठेने ही वहिवाट पुढे लंडनला पोहोचली. १९४८ च्या जूनमध्ये कॅरिबियन बेटांवरच्या स्थलांतरितांना घेऊन ‘एम्पायर विंडरश’ ही बोट टिलबरी बंदरात लागली. दहा वर्षांनी, १९५८ च्या उन्हाळ्याअखेरीस, नॉटिंग हिल भागात कृष्णवर्णीयांवर टोळ्यांनी हल्ले केले. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेतून हद्दपार झालेल्या क्लॉडिया जोन्स या संपादिकेने त्याला दिलेले उत्तर ३० जानेवारी १९५९ रोजी सेंट पँक्रास टाऊन हॉलमध्ये दिसले. ऐन हिवाळ्यात, चार भिंतींच्या आत, तिने कार्निव्हल भरवला. त्याच्या कार्यक्रमपत्रिकेच्या विक्रीतला काही भाग दंगलीच्या खटल्यांत दंड झालेल्या तरुणांसाठी, मग ते काळे असोत की गोरे, राखून ठेवला होता. मार खाल्लेल्या समाजाने नाचावे यात काहींना अप्रस्तुतपणा वाटेल. पण हे लोक शोक आणि प्रतिकार दोन्ही याच मार्गाने करीत आले होते, हे कॅनबुले ज्याने पाहिला त्याला सांगावे लागत नाही.

येथेच आजच्या काळातल्या धोक्याचा विचार केला पाहिजे. आता बंदी नाही. आता अनुदान आहे, परवाना आहे, वर्षातला नेमून दिलेला महिना आहे. वस्तुसंग्रहालये मुखवटे काचेआड मांडतात, प्रवासी कंपन्या मिरवणुकीची तिकिटे विकतात, आणि शाळा मुलांना एका दुपारपुरते रंगीत कपडे घालून पुन्हा जुन्याच पुस्तकाकडे वळवतात. बंदीने जी वहिवाट मोडली नाही ती या सत्काराने मोडू शकेल अशी मला भीती वाटते. कारण प्रेक्षकासाठी केलेल्या खेळात ‘क्रॅक’ म्हणणारा कोणी उरत नाही. म्हणून कोणताही उपक्रम समोर आला की तीन प्रश्न विचारावेत. त्याची सूत्रे ज्यांचा वारसा त्यांच्या हाती आहेत काय? तो पुढच्या वर्षी, कोणी पाहायला आले नाही तरी, होणार आहे काय? आणि लहान मूल त्यात बघ्या म्हणून उभे आहे की हाताने, पायाने, गळ्याने शिकते आहे? पोर्ट ऑफ स्पेनमध्ये कार्निव्हलपूर्वीच्या शुक्रवारी पहाटेच्या अंधारात १८८१ चा तो संघर्ष त्याच वस्तीतले लोक दरसाल खेळून दाखवतात. ही वहिवाट आहे. तोच प्रसंग एखाद्या हॉटेलच्या हिरवळीवर रात्रीच्या भोजनाबरोबर झाला तर तो निव्वळ देखावा होय.

कागदाची मी अवहेलना करतो आहे असा ग्रह मात्र कोणी करून घेऊ नये. टर्नर यांचे यंत्र नसते तर अमेलिया डॉलीचे गाणे सेनेहुन न्गोलाला पोहोचले नसते. पण बाइंडूने आजीचा शब्द पाळला नसता तर ते यंत्र घेऊन संशोधक कोणाच्या दाराशी जाणार होते? सनदेने वहिवाटीची साक्ष द्यावी. तिची मालकीण होऊ नये.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली तेव्हा ती अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना अर्पण केली. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले; १९७२ मध्ये मुंबईतल्या दलित तरुणांनी आपल्या संघटनेचे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर्सवरून घेतले. ज्यांच्या नावाने कोणी सनद लिहिली नाही त्यांनी आपल्याकडेही सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांतूनच आपला इतिहास गावोगाव नेला. आणि आफ्रिका तर आपल्या अंगणातच आहे. इथिओपियातून गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर निजामशाहीचा आधारस्तंभ झाला, त्याने खडकी वसवली, खुलताबादेस त्याची कबर आहे. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या सनदा आणि तहनामे यांनी आपली दफ्तरे भरलेली आहेत. ते सारे आपण वाचले. पण गुजरातेत रतनपूरला बावा गोरच्या दर्ग्यापाशी सिद्दी फकीर जो ढोल वाजवतात आणि ज्या नाचाला धमाल किंवा गोमा म्हणतात, तो गोमा शब्द पूर्व आफ्रिकेतल्या ढोल आणि नाच या दोहोंच्या वाचक अशा ‘न्गोमा’ शब्दाशी जुळतो, याची दखल आपल्या इतिहासग्रंथांनी किती घेतली? उत्तर कन्नडच्या रानांत कोकणी बोलणारे सिद्दी राहतात. त्यांच्या नाचाकडे आपण पाहुण्यांसमोर करावयाचा कार्यक्रम म्हणून पाहतो, की एका समाजाचे जिवंत दफ्तर म्हणून? सरदारांच्या सनदा वाचणाऱ्यांनी सामान्य सिद्दीची वहिवाट ऐकण्याचीही तसदी घ्यावी, एवढे माझे आपल्या अभ्यासकांना आग्रहाचे सांगणे आहे.

हॅरिस नेकची हकीकत अजून पुरी झालेली नाही. गाण्याचा माग लागल्यानंतर सिएरा लिओनमध्ये १९९१ साली यादवी पेटली आणि दोन्ही घराण्यांची भेट लांबली. अखेर १९९७ मध्ये अमेलिया डॉलीची मुलगी, आता स्वतः वृद्ध झालेली, सेनेहुन न्गोलाला गेली. आईने शिकवलेले गाणे तिला पाठ होते. गावाने पूर्वजांसाठीचा विधी केला, आणि ज्यांनी एकमेकींना कधी पाहिले नव्हते त्या बायकांनी ते गाणे सोबत म्हटले. हॅरिस नेक वस्ती मात्र राहिलेली नाही. १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने युद्धकाळातल्या विमानतळासाठी तिथल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची अडीच हजारांहून अधिक एकर जमीन ताब्यात घेतली आणि त्यांना घराबाहेर काढले. १९६२ पासून त्या जागी वन्यजीव अभयारण्य आहे, आणि त्या कुटुंबांचे वंशज ती परत मागत आले आहेत. गाणे ज्यांचे होते त्यांचेच राहिले. जमीन अजून परत मिळालेली नाही.